मेडन कॅसल: मातीच्या गडाची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या डॉर्सेटमध्ये, डॉर्चेस्टर गावाबाहेरच्या टेकडीला मातीच्या तटांचे आणि खंदकांचे वेढे पडले आहेत. हा लोहयुगातला गड, मेडन कॅसल. खंदक खणायचा आणि निघालेल्या खडूमातीचा तट रचायचा, असे काम पिढ्यानपिढ्या चालले. इ.स.पू. 600च्या सुमारास गड जेमतेम 16 एकरांचा होता. दीडशे वर्षांत तो 47 एकरांवर गेला. माथ्यावरचा वावर याहून कितीतरी जुना, नवाश्मयुगातला.

पाहावेत ते दरवाजे. तट एकमेकांआड असे वळवलेत की आत शिरणाऱ्याला सरळ वाटच मिळत नाही. रायगडाचा महादरवाजा पाहिलेल्याला ही युक्ती लगेच ओळखू येईल. पूर्वेच्या दरवाज्याजवळ वीस हजारांवर गोफणगुंडे एका ठिकाणी सापडले. समुद्रकिनाऱ्यावरून वेचून आणलेले गुळगुळीत गोटे होते ते.

हे उजेडात आणले मॉर्टिमर आणि टेसा व्हीलर या पुरातत्त्वज्ञ दांपत्याने, 1934 ते 1937च्या उत्खननात. चौरस आखायचे, मध्ये बांध राखायचे आणि बांधाच्या उभ्या छेदात मातीचे थर वाचायचे, ही शिस्त इथे कसोशीने पाळली गेली. लंडनमध्ये शिकत असलेले भारतीय पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया याच खणतीवर तयार झाले आणि 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. महाराष्ट्रातल्या नेवासे, इनामगाव इथल्या उत्खननांमागे हा धागा आहे, याचे मला फार अप्रूप वाटते. व्हीलर स्वतः 1944 मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले.

दरवाज्याजवळच्या दफनांवरून व्हीलरांनी रोमन हल्ल्याची कहाणी मांडली. एका सांगाड्याच्या मणक्यात लोखंडी बाणाचे टोक रुतलेले होते. पण ती सगळी माणसे एकाच लढाईत पडली, हे आता कुणी ठामपणे म्हणत नाही. पुन्हा तपासता आले, कारण गडाचा बराच भाग न खणता राखला होता.

ब्रिटनमध्ये प्राचीन स्मारकांचा पहिला कायदा 1882चा. तरी मातीच्या तटाला कागदाइतकीच गवताची गरज असते. पर्यटकांच्या पायांनी गवत झिजले की खडू उघडा पडतो आणि पाऊस तो धुऊन नेतो. 1985-86ची फेरखणती निघाली तीही गडाची अशी झीज होऊ लागल्यामुळे. आज तिथे परवानगीशिवाय खणणे आणि मेटल डिटेक्टर चालवणे हा गुन्हा आहे. उतारावर मेंढ्या चरतात, गवत आखूड राहते.