प्राण्यांची जुनी सचित्र पुस्तके: घेण्याआधी आणि घेतल्यावर

प्राण्यांची जुनी सचित्र पुस्तके मागायला येणारे बहुतेक ग्राहक आधी साल विचारतात. साल महत्त्वाचे आहेच, पण अशा पुस्तकाची किंमत ठरते ती चित्रपानांवर. मूळ प्रतीत किती चित्रपाने होती आणि या प्रतीत किती आहेत, हे आम्ही प्रत्येक पुस्तकाच्या चिठ्ठीवर लिहितो. तरी चिठ्ठीवर विसंबू नका. दुकानातच बसून मोजा, घाई नाही. चित्रपाने मजकुरापासून वेगळी छापून बांधणीच्या वेळी मध्ये घातलेली असतात. त्यामुळे एखादे पान ब्लेडने काढले तरी पृष्ठक्रमांकात खंड पडत नाही. शिवणीजवळ कापल्याची कड किंवा कागदाची मोकळी पट्टी दिसली तर विचारा. पट्टीला चित्र चिकटवलेले असेल तर मात्र चिंता नको, ती बांधणीचीच रीत आहे.

ही कापाकापी होते, कारण सुटी चित्रे चटकन विकली जातात. बंगल्यांच्या आणि हॉटेलांच्या भिंतींवर चौकटीत बसलेले पोपट आणि माकडे कधीतरी कुठल्या तरी पुस्तकात होती. आम्ही अखंड पुस्तक फोडून चित्रे विकत नाही. आधीच फुटलेल्या पुस्तकातली सुटी पाने विकतो आणि तसे पावतीवर लिहितो.

भिंगातून काय पाहायचे

दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. चार रंगांच्या बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती अलीकडची छपाई, कागद कितीही पिवळा असो. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची चौकट कागदात उमटलेली असते. चित्राच्या कडा छाटल्या असतील तर ती जाते. दगडावरच्या छपाईत, म्हणजे लिथोत, अशी चौकट नसते आणि रेघ खडूने ओढल्यासारखी रवाळ दिसते. हाताने भरलेला रंग रेघेबाहेर थोडा सांडतो, एखाद्या कोपऱ्यात साचतो. जुन्या तांबेयुक्त हिरव्याने पानाच्या मागच्या बाजूला तपकिरी छटा आलेली आढळते. मुळात काळीपांढरी असलेली चित्रे नंतर रंगवून महाग विकण्याचा प्रकार चालतो. सगळीकडे रंग ताजातवाना असेल तर थांबा.

प्राणी चुकीचा काढला आहे म्हणून पुस्तक खोटे ठरत नाही. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण आपल्या गोव्यातूनच निघाले. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द अल्बुकर्कला दिलेला गेंडा जानेवारी 1515 मध्ये गोव्याहून जहाजाने रवाना झाला आणि 20 मे रोजी लिस्बनला उतरला. न्यूरेंबर्गचा जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याने तो कधीच पाहिला नाही. कोणी पाठवलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून त्याने लाकडी ठशाचे चित्र केले आणि गेंड्याच्या खांद्यावर एक जादा शिंग बसवले. कोनराड गेस्नरने 1551 पासून झुरिकमध्ये काढलेल्या प्राणिग्रंथात तोच गेंडा शिंगासकट आला, आणि पुढे दोनशेहून अधिक वर्षे चित्रकार त्याची नक्कल करत राहिले. गेंडा काढलेले जुने पुस्तक हाती आले की आम्ही पहिल्यांदा त्याचा खांदा पाहतो.

सुरुवात करणाऱ्याने एकच विषय धरावा. पक्षी आवडत असतील तर सालिम अलींचे 1941 मध्ये पहिल्यांदा निघालेले भारतीय पक्ष्यांचे पुस्तक, त्याच्या जुन्या आवृत्त्या शोधा. गोव्यातल्या चोडणचे पक्षी अभयारण्य त्यांच्याच नावाचे आहे. बांगडा आणि इसवण यांवर जीव असलेल्यांसाठी फ्रान्सिस डे यांचा भारतातील माशांवरचा ग्रंथ, 1875 ते 1878. तो स्वस्त नाही. जोसेफ फेअरर यांच्या 1872 च्या विषारी सापांच्या ग्रंथाची चित्रे कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी काढली. ती एकदा तरी पाहावीत, विकत घेणे जमो न जमो.

पावसाळा

गोव्यात पुस्तकाचा खरा शत्रू दमट हवा. आर्द्रता 60 टक्क्यांवर गेली की बुरशीचा धोका वाढतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती क्वचितच त्याखाली येते. बाहेरच्या भिंतीला टेकवून कपाट ठेवू नका, मागे चार बोटे जागा सोडा. प्लास्टिकच्या पिशवीत पुस्तक गुंडाळणे सर्वांत वाईट. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाल तर वेळोवेळी बदला किंवा वाळवा. कसर लागली म्हणून पुस्तक उन्हात घालू नका. रंग उडतात आणि चामड्याची बांधणी तडकते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर कधीच नको. भिजलेले पुस्तक असेल तसे, पाने न उलगडता, आमच्याकडे आणा.

परदेशातल्या मुलांकडे किंवा नातेवाइकांकडे जुने पुस्तक पाठवायचे असेल तर आधी बोला. 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू, तसेच 75 वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते आणि दस्तऐवज खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. आपले पुस्तक त्यात मोडते का, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून लेखी घ्यावे लागते. त्यासाठी लागणारे वर्णन आणि छायाचित्रे आम्ही आमच्याकडून घेतलेल्या पुस्तकांपुरती विनामूल्य करून देतो.