गाडीखाली काय अंथरावं?

लग्नमंडपातून उरलेला गालिचा, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स, गोठ्यासाठी आणलेल्या रबर मॅटचा तुकडा, नाहीतर उसवलेली गोणपाटं. बेळगावात पोर्चमधल्या गाडीखाली यांपैकी काहीतरी हमखास असतं. हेतू एवढाच की कोब्यावर तेलाचा डाग पडू नये. पण जूनमध्ये अंथरलेला फ्लेक्स गणपतीनंतर एकदा उचलून बघा. त्याच्या पोटाशी पाण्याचे थेंब लोंबतात, कडेकडेने पांढऱ्या भुकटीची रेघ उमटलेली असते, आणि कुबट वास येतो. पोर्चला वर स्लॅब आहे, गाडी गळत नाही. मग पाणी आलं कुठून?

जमिनीतून. सिमेंट कालवताना घातलेलं जादा पाणी पुढे उडून जातं आणि कोब्यात केसाहून बारीक छिद्रांचं जाळं मागे राहतं. समईच्या वातीत तेल चढतं तशी जमिनीतली ओल या छिद्रांतून वर येते. कोबा उघडा असेल तर ती वाफ होऊन हवेत जाते, आपल्याला कळतही नाही. वर फ्लेक्स आला की वाट अडते. मग ओल कडेपर्यंत सरकते, तिथे पाणी उडतं आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. भिंतीला लागतो तोच हा लोणा. बांधताना कोब्याखाली प्लॅस्टिकचा जाड कागद घातला तर ओल तिथेच थोपते. पण पोर्च बहुतेक ठिकाणी घर झाल्यावर, उरल्यासुरल्या मालात उरकलेलं असतं. तिथे कागदाची आठवण कोणाला राहते!

मॅट घेण्याआधी एक जुनी, फुकटातली चाचणी करून घ्यावी. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लॅस्टिक घ्या, चारही कडा चिकटपट्टीने कोब्याला घट्ट बसवा आणि किमान १६ तास, म्हणजे संध्याकाळी लावून दुसऱ्या दिवशी जेवणवेळेपर्यंत, तसंच राहू द्या. प्लॅस्टिकच्या आतल्या अंगाला दव दिसलं किंवा खालचा कोबा काळपट पडला, तर ओल जमिनीची आहे. प्लॅस्टिक फक्त वरून ओलं असेल तर दमट हवेतली वाफ थंड फरशीवर जमते आहे. ही चाचणी पावसाळ्यात करावी. मार्च-एप्रिलमध्ये केली तर कोबा खोटा दाखला देतो.

आता हाच प्रश्न बेळगाव शहरातल्या टिळकवाडीत आणि जिल्ह्यातल्याच अथणीत सारखा नाही. जांबोटीवरून मलप्रभेच्या उगमाकडे, कणकुंबीला जाताना जो पाऊस लागतो, त्याच्या वाटेवरच्या खानापूर-बेळगाव भागात गाडीखालच्या गालिच्याला चार महिने सुकायला सवडच मिळत नाही. अथणी-रायबागकडे पाऊस कमी, पण काळी माती. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि वरच्या कोब्याला भेगा पाडते. तिकडे गालिचा टिकेलही, फक्त भेगा झाकल्या जातील आणि धूळ भरेल.

आता माल कोणता घ्यावा? गोणपाट बाद. ताग हवेतलीच इतकी ओल शोषतो की साध्या दमट दिवशी त्याच्या कोरड्या वजनाच्या १३-१४ टक्के पाणी त्यात असतं. बुरशी आणि वाळवी दोघांचीही सोय होते. बाजारातला स्वस्त, चकचकीत गालिचा बहुधा पॉलिप्रोपिलीनचा असतो. हा धागा स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही, पण धाग्यांमधल्या फटीत पाणी बसून राहतं. शिवाय त्याला तेलाची भारी ओढ. समुद्रात सांडलेलं तेल टिपायला याच धाग्याची चादर वापरतात. म्हणजे इंजिन ऑइलचा थेंब पडला की तो आत पसरणार आणि नुसत्या पाण्याने काही निघणार नाही.

गोठ्याच्या रबर मॅटची गोष्ट निराळी. साधं रबर आणि इंजिन ऑइल, दोन्ही मुख्यतः कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या. तेल रबरात शिरतं, रबर फुगतं, मऊ पडतं आणि मॅटला पोळीसारखे फुगवटे येतात. नायट्रिल रबराच्या साखळीत नायट्रोजनवाले गट असल्यामुळे ते तेलाला आत घेत नाही, म्हणून तेल अडवणारे ऑइल सील त्याचे करतात. रबर मॅट घ्यायचीच तर नायट्रिलची आहे का, हे विचारून घ्यावी.

फ्लेक्सवर किंवा विनाइलच्या, म्हणजे पीव्हीसीच्या, शीटवर चाकांच्या जागी तपकिरी चट्टे उठतात, ते कितीही घासले तरी जात नाहीत. ती माती नव्हे. ओझोनमुळे टायरला चिरा पडू नयेत म्हणून रबरात ६पीपीडी नावाचं रसायन मिसळतात. ते आतून सतत पृष्ठभागावर येत राहावं अशीच योजना असते, आणि शेजारी विनाइल असेल तर ते त्यातही उतरतं. रंग वर चढलेला नसतो, आत मुरलेला असतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात पावसानंतर ओढ्यांतले कोहो सामन मासे का मरतात याचा माग काढताना २०२० साली संशोधक पोहोचले ते ६पीपीडीची ओझोनशी गाठ पडून बनणाऱ्या पदार्थापर्यंत.

गाडीच्या पोटाचाही विचार करायला हवा. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजू लागतं, आणि ओला गालिचा गाडीखालच्या हवेतली आर्द्रता या ६० टक्क्यांच्या खाली येऊच देत नाही. ब्रेकच्या डिस्कवर एका रात्रीत चढणारा तांबडा थर मात्र चिंतेचा नाही. डिस्क बिडाची असते (उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांच्या गावात बीड काय ते सांगायला नको) आणि दोन-चार ब्रेक मारले की थर निघून जातो.

माझं मत विचाराल तर भिंतीपासून भिंतीपर्यंत काहीही अंथरू नका. इंजिनाखाली पत्र्याचा किंवा जाड प्लॅस्टिकचा उथळ ट्रे ठेवा, बाकी कोबा उघडा राहू द्या. ट्रेमध्ये पुठ्ठा टाकला तर थेंबही वाचता येतो. एसीचं पाणी वाळून जातं, इंजिन ऑइलचा काळपट डाग राहतो. हिरवट किंवा गुलाबी, बोटाला बुळबुळीत लागलं तर कूलंट. त्यात एथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड पण विषारी. मांजर-कुत्रं चाटून मरू शकतं, म्हणून ते लगेच पुसावं. पेट्रोलचा वास आला तर ट्रेने भागवू नये, गाडी मेकॅनिककडे न्यावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती जमिनीलगतच साचते.

जुना फ्लेक्स काढलात की तो बंबात घालू नका. त्यावर पीव्हीसीचा थर असतो आणि जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. पाण्याशी गाठ पडली की त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, मग ते पाणी तुमच्या डोळ्यांतलं असो की बंबाच्या नळीवर जमलेलं.