अडखळणारा माणूस खोटा नसतो

सोलापूरच्या नव्या पेठेतला एखादा दुकानदार सोलापुरी चादरीविषयी रीलमध्ये बोलताना अडखळला किंवा त्याची नजर खाली गेली, की ‘हा मनापासून बोलत नाही’ असा शेरा लगेच मारला जातो. नजर चुकवणारा खोटे बोलतो, हा समज फार जुना आहे. पण तो चुकीचा आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा खरे-खोटे ओळखण्यात माणसे सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर ठरल्याचे दिसले, आणि नुसता छापा-काटा केला तरी ५० टक्के उत्तरे बरोबर येतात.

मोबाइलवर तर नजर झुकण्याचे कारण अगदी साधे असते. कॅमेरा वरच्या कडेला असतो, बोलणारा मात्र पडद्यावरचा स्वतःचाच चेहरा पाहत असतो.

सोलापुरात याला आणखी एक पदर आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पूर्व भागातल्या कित्येक विणकर घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडच्या अनेक घरांत कन्नड; अशा घरातली व्यक्ती मराठीतून रील करते तेव्हा योग्य शब्द सापडेपर्यंत क्षणभर थांबते. त्या थांबण्याला ढोंग म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे. सफाईदार बोलणाराही केवळ त्या सफाईमुळे लबाड ठरत नाही, कारण सफाई बहुधा सरावाने येते. चादर अस्सल आहे की नाही, हे तिचे सूत, वीण आणि भौगोलिक मानांकन (ती मूळ ठिकाणचीच असल्याची अधिकृत खूण) पाहूनच ठरवावे लागते.