अल्प-हिस्टामिन रात्रीचे जेवण

ज्यांना अन्नातील हिस्टामिन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारे रसायन सोसत नाही, अशांसाठी ताज्या जिन्नसांचे, जेवणाच्या वेळेलाच रांधलेले साधे जेवण. प्रथिनांतील हिस्टिडीन या अमिनो आम्लापासून जीवाणूंच्या क्रियेने हिस्टामिन तयार होते. म्हणून आंबवलेल्या, मुरवलेल्या आणि शिळ्या अन्नात ते सहसा अधिक असते. आतड्यातील डायअमाइन ऑक्सिडेज हे विकर त्याचे विघटन करते, आणि ते अपुरे पडल्यास जेवणानंतर चेहरा लाल होणे, अंगावर पित्त उठणे, डोके दुखणे, पोटात मुरडा येणे असे त्रास होऊ शकतात. एकदा तयार झालेले हिस्टामिन शिजवून, तळून किंवा पुन्हा गरम करून जात नाही. या स्वयंपाकाची सारी शिस्त येथूनच येते.

मासळीच्या बाबतीत ती सर्वांत कडक आहे. बांगडा, कुपा, तारली यांच्या मांसात हिस्टिडीन मुळातच भरपूर असल्यामुळे बर्फाविना काही तास राहिलेला बांगडा नासका वास येण्याआधीच बाधू शकतो, आणि तो निरोगी माणसालाही बाधतो. अशा मासळीसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने किलोमागे २०० मिलिग्रॅम हिस्टामिन ही मर्यादा घातली आहे. सकाळी आणलेला मासा लगेच साफ करून बर्फात ठेवावा. ताजेपणाची खात्री नसेल, तर त्या रात्री मासळी करूच नये.

दही, लोणचे, इडली, सुके बोंबील, टोमॅटो, वांगे आणि पालक वगळले, तरी मराठी स्वयंपाकघरात दुधी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, भात आणि ज्वारीची भाकरी उरतेच. तुपात आले परतून त्यावर दुधीच्या फोडी टाकाव्यात, सोसत असल्यास मूठभर भिजवलेली मूगडाळ घालावी आणि झाकणावर पाणी ठेवून भाजी वाफेवर शिजवावी. वरून कोथिंबीर व ओले खोबरे पुरे. दुधीची फोड मात्र आधी चाखावी, कारण कडू दुधी विषारी असू शकतो व तो टाकूनच द्यावा लागतो. उरलेले अन्न पसरट भांड्यात लवकर निववून फ्रीझरमध्ये ठेवावे.

या विकाराचे निर्णायक निदान करणारी चाचणी नाही आणि वर्ज्य पदार्थांच्या याद्याही एकमेकींशी जुळत नाहीत. त्यामुळे हा आहार डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने साधारण दोन ते चार आठवडे पाळून, पुढे टोमॅटो, पालक, दही असा एकेक जिन्नस थोड्या प्रमाणात पुन्हा ताटात आणतात आणि काय सोसते त्याची नोंद ठेवतात.