पिरॅमिडवर कोण गाणार? ग्लास्टनबरीतील जुन्या वादाची पार्श्वभूमी

ग्लास्टनबरी या इंग्लंडमधल्या संगीत महोत्सवाच्या कलाकारांची यादी जाहीर झाली की तिथे भांडण जुंपते. जूनअखेरच्या शुक्रवारी, शनिवारी आणि रविवारी रात्री पिरॅमिड स्टेज या मुख्य मंचावर शेवटचे गाण्याचा मान कुणाचा, हा त्या भांडणाचा विषय. कुणाला रॅप नको असतो, कुणाला पॉप खपत नाही, कुणाला सत्तरी ओलांडलेले रॉकवाले पुन्हा पुन्हा बघण्याचा कंटाळा आलेला असतो. सगळ्यांची धाव शेवटी एकाच मुद्द्यावर जाते: हे ग्लास्टनबरीच्या परंपरेत बसत नाही.

ही परंपरा नेमकी कोणती, हे मागे जाऊन तपासले तर वेगळेच चित्र दिसते. परंपरा म्हणून जी सांगितली जाते, ती माझ्या मते नव्वदच्या दशकातल्या तीन-चार उन्हाळ्यांची आठवण आहे आणि ती टीव्हीने पक्की केली आहे. त्याआधीचा ग्लास्टनबरी कितीतरी अधिक सरमिसळ होता.

सॉमरसेट परगण्यातल्या पिल्टन गावी वर्दी फार्म नावाचा दुभत्या गाईंचा मळा आहे. ग्लास्टनबरी हे गाव तिथून काही मैलांवर. महोत्सवाने त्याचे नाव तेवढे घेतले. मळ्याचे मालक मायकेल ईव्हिस हे मेथडिस्ट पंथाचे शेतकरी. 1970 च्या जूनमध्ये शेजारच्या शेप्टन मॅलेटला झालेल्या संगीत महोत्सवात त्यांनी लेड झेपेलिन हा रॉक बँड ऐकला आणि आपल्याही शेतात असे काही करायचे त्यांच्या मनाने घेतले. 19 सप्टेंबरला ते झालेही. विख्यात गिटारवादक जिमी हेंड्रिक्स आदल्याच दिवशी वारला होता. तिकीट एक पौंड, त्यात मळ्यावरचे दूध फुकट. सुमारे 1,500 लोक जमले. द किंक्स या गाजलेल्या बँडचे नाव जाहीर झाले होते, पण त्यांनी अंग काढून घेतले आणि त्यांच्या जागी मार्क बोलनचा टायरॅनोसॉरस रेक्स आला. जाहीर झालेला मोठा कलाकार बदलण्याची वेळ पहिल्याच वर्षी आली.

पुढच्या वर्षी सूत्रे अँड्र्यू केर आणि अ‍ॅराबेला चर्चिल यांच्याकडे होती. अ‍ॅराबेला म्हणजे विन्स्टन चर्चिल यांची नात. वर्षातला सर्वांत मोठा दिवस साधून महोत्सव भरला आणि प्रवेश सर्वांना मोफत ठेवला. बिल हार्किनने लोखंडी परांचीवर धातूची जाळी आणि प्लास्टिक चढवून पहिला पिरॅमिड उभा केला. कार्यक्रम लांबत गेले आणि डेव्हिड बोवी गायला उभा राहिला तेव्हा पहाट झाली होती. जोन बाएझ, लोकसंगीताला रॉकची जोड देणारा फेअरपोर्ट कन्व्हेन्शन, अंतराळाच्या कल्पनांत रमलेला हॉकविंड, असे एकमेकांशी फारसे न जुळणारे लोक त्या मंचावर आले. सर्वांना एकत्र बांधणारी गोष्ट हिप्पींची जीवनदृष्टी होती. वाद्य किंवा शैली नव्हती.

मध्ये बराच खंड पडला. 1981 पासून ईव्हिस यांनी महोत्सव स्वतःच्या हाती घेतला आणि उत्पन्नाचा वाटा अण्वस्त्रविरोधी चळवळीला देऊ लागले. त्या वर्षीचा पिरॅमिड पक्का होता. टेलिफोनचे लाकडी खांब आणि संरक्षण खात्याने मोडीत काढलेले पत्रे वापरून तो बांधला होता. उन्हाळ्यात त्यावर बँड वाजत आणि हिवाळ्यात आत गाई बांधत, त्यांचा चारा साठवत. पहिल्याच वर्षी तिथे अस्वाद हा रेगे बँड वाजवून गेला. 1984 साली नायजेरियाच्या फेला कुटीने आपला मोठा ताफा घेऊन आफ्रोबीट ऐकवला. त्याच वर्षी द स्मिथ्स हा मँचेस्टरचा तरुण बँडही आला आणि त्यांच्या वेळी चाहते थेट मंचावर चढले. हिप्पींच्या मेळ्यात नव्या पिढीचे गिटार तेव्हा उपरे होते, हे आज सहज विसरले जाते. पुढे जॅझ वर्ल्ड नावाचा स्वतंत्र मंच निघाला. आज त्याला वेस्ट होल्ट्स म्हणतात आणि आफ्रिकी, लॅटिन, सोल, हिपहॉप असा सगळा ऐवज तिथे ऐकायला मिळतो.

यानंतरचा मोठा झगडा यंत्रांवरच्या संगीताचा. ऐंशीचे दशक संपता संपता रेव्हचे, म्हणजे अशा संगीतावर रात्रभर नाचण्याच्या मेळ्यांचे वारे आले. गाड्यांतून फिरस्तीचे आयुष्य जगणारे ट्रॅव्हलर लोक आपले साउंड सिस्टिम घेऊन मळ्याच्या कडेला येत आणि रात्रभर वाजवत. त्याला ना तिकीट, ना वेळापत्रक. 1990 च्या महोत्सवाच्या अखेरीस या मंडळींची आणि सुरक्षारक्षकांची मोठी मारामारी झाली आणि 1991 साली महोत्सव भरलाच नाही. 1992 च्या मे महिन्यात कॅसलमॉर्टनच्या माळावर हजारोंचा मोफत रेव्ह झाला, तेव्हा सरकार खडबडून जागे झाले. 1994 च्या फौजदारी कायद्यात तर एकसारख्या पुनरावृत्त होणाऱ्या ठोक्यांच्या संगीताचा स्पष्ट उल्लेख करून असे मेळावे उधळण्याचे अधिकार पोलिसांना मिळाले. संगीताच्या तालाची व्याख्या कायद्याच्या कलमात घालण्यापर्यंत मजल गेली होती, यावरून त्या काळातली चिडचिड किती होती ते कळते.

त्याच उन्हाळ्यात, शनिवारी रात्री, ऑर्बिटल हे दोघे भाऊ ग्लास्टनबरीच्या दुसऱ्या मोठ्या मंचावर उभे राहिले. समोर कीबोर्ड आणि मिक्सर, हातात गिटार नाही, पुढे गाणारा कुणी नाही. अंधारात दिसत होते ते फक्त त्यांच्या चष्म्यांच्या दोन्ही बाजूंना लावलेले छोटे दिवे, ठोक्याबरोबर वरखाली होणारे. यंत्रामागे उभे राहून बटणे फिरवणे याला प्रत्यक्ष वादन म्हणायचे का, हा रॉकवाल्यांचा नेहमीचा सवाल असे. भाऊ मात्र मंचावरच धून उलगडत, तोडत, लांबवत होते, आणि मैदान नाचत होते. 1995 पासून नृत्यसंगीताला स्वतंत्र तंबू मिळाला आणि 1997 च्या शुक्रवारी द प्रॉडिजीने पिरॅमिडवरचा शेवटचा मान घेतला. ज्या संगीताला आधी मळ्याच्या कडेला जागा होती, ते सात वर्षांत मुख्य मंचावर आले.

मग गिटारची परंपरा आली कुठून? 1994 आणि 1995 साली चॅनल फोरने महोत्सव टीव्हीवर दाखवला आणि 1997 पासून ते काम बीबीसीकडे गेले. नेमका हाच ब्रिटपॉपचा, म्हणजे गिटारवाल्या ब्रिटिश बँडच्या लाटेचा बहर. 1995 साली ओअ‍ॅसिसचा शुक्रवार होता. शनिवारी द स्टोन रोझेस यायचे होते, पण त्यांच्या गिटारवादकाचे गळ्याजवळचे हाड मोडले आणि पल्प हा बँड आयत्या वेळी उभा राहून रातोरात घराघरांत पोचला. 1997 च्या चिखलात रेडिओहेड वाजले. जे कधी पिल्टनला गेले नव्हते त्यांनीही हे सारे घरी सोफ्यावर बसून पाहिले, आणि ग्लास्टनबरी म्हणजे चिखल, तंबू आणि गिटारवाली चार पोरे हे समीकरण त्यांच्या डोक्यात घट्ट बसले. ते चुकीचे होते असे नाही. पण मळ्यावरच्या शंभर गोष्टींतली ती एक होती. कॅमेरे मुख्य मंचांकडे वळलेले असल्यामुळे तीच सगळ्यांत मोठी दिसली.

आणखी एका गोष्टीने वादाला धार आली, ती म्हणजे कुंपण. 2000 साली तिकीट न काढता आत शिरलेल्यांची संख्या इतकी वाढली की पुढचे वर्ष महोत्सव रद्द करावा लागला. 2002 ला सर्व बाजूंनी उंच, भक्कम कुंपण घातले गेले. उडी मारून येणारी तरुण, फाटक्या खिशाची मंडळी बंद झाली. आत येणारा प्रत्येक जण आता पैसे मोजून येत होता, आणि पैसे मोजणारा माणूस आपल्याला काय ऐकायचे आहे ते बोलून दाखवतोच.

या सगळ्या पार्श्वभूमीवर 2008 उजाडले. 2007 ची तिकिटे दोन तासांच्या आत संपली होती, पण तो महोत्सव पावसाने झोडपून काढला. पुढच्या वर्षी मायकेल यांची मुलगी एमिली हिने शनिवारच्या रात्रीसाठी न्यूयॉर्कच्या जे-झी या रॅपरला बोलावले आणि महोत्सव तोंडावर आला तरी तिकिटे शिल्लक राहिली. ओअ‍ॅसिसच्या नोएल गॅलाघरने बीबीसीला सांगून टाकले की ग्लास्टनबरीची परंपरा गिटारची आहे आणि तिथे हिपहॉप आणणे चूक आहे. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले. ईव्हिस कुटुंबाने फासा चुकीचा टाकला, अशी चर्चा आठवडेच्या आठवडे चालली.

28 जूनच्या रात्री दिवे मंदावले. पडद्यावर बातम्यांची चित्रे सरकू लागली आणि त्यांतच गॅलाघरचे ते बोल ऐकू आले. मग जे-झी गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून बाहेर आला. तारा कशाबशा छेडत त्याने ओअ‍ॅसिसचे 'वंडरवॉल' म्हणायला सुरुवात केली. सूर लागत नव्हता आणि तो लावण्याचा त्याचा प्रयत्नही नव्हता. अख्खे मैदान शब्दन् शब्द त्याच्याबरोबर गात होते. ते संपले, गिटार बाजूला गेले, आणि दुसऱ्या क्षणी त्याचा स्वतःचा दणदणीत ठोका सुरू झाला. ज्यांनी गिटारचे गाणे पाठ म्हटले तेच लोक आता रॅपवर उड्या मारत होते. त्या रात्रीचे चित्रण मी कितीही वेळा पाहिले तरी मला ती गर्दीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. परंपरेच्या नावाने जे भांडत होते, ते या श्रोत्यांना ओळखतच नव्हते. एका माणसाला दोन्ही आवडू शकते, हे मैदानाने तिथल्या तिथे दाखवून दिले.

त्यानंतर तिकीटविक्रीची रीतही बदलली. 2009 ची तिकिटे आदल्या ऑक्टोबरातच विक्रीला आली, थोडी रक्कम आगाऊ भरून नाव नक्की करण्याची सोय झाली. कोण गाणार हे कळण्याच्या कितीतरी आधी लोक पैसे भरू लागले. आज ही तिकिटे मिनिटांत संपतात. यादीवर नाराज होणारे त्यामुळे कमी झाले नाहीत, पण त्यांची नाराजी आयोजकांच्या गल्ल्यापर्यंत पोचेनाशी झाली. बियॉन्से 2011 च्या रविवारी आली, तेव्हा एकट्या गायिकेला पिरॅमिडचा शेवटचा मान देण्याची धमक आयोजकांत होती ती याच भरवशावर, असे मला वाटते. 1989 ला सुझॅन व्हेगा आणि 1990 ला शिनेड ओ'कॉनर यांच्यानंतर वीस वर्षे अशी एकटी गायिका तिथे शेवटी उभी राहिली नव्हती. हिपहॉप नको म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा होता. बायका कुठे आहेत, असे विचारणाऱ्यांचा आवाज ऐकू यायला मात्र फार वेळ लागला.

2014 ला मेटॅलिका आली. हेवी मेटलला पिरॅमिडवर हा मान पहिल्यांदाच मिळाला. विरोधाचे कारण वेगळे होते: गायक जेम्स हेटफील्डचा अस्वलांच्या शिकारीशी असलेला संबंध. बँडने सुरुवातीलाच कोल्ह्याच्या शिकारीला निघालेल्या इंग्रज घोडेस्वारांना अस्वलेच टिपतात, अशी चित्रफीत दाखवली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच मैदानात डॉली पार्टनसाठी तोबा गर्दी लोटली. 2015 ला कान्ये वेस्टला बोलावल्यावर तर त्याला काढून टाका म्हणून एक लाखाहून अधिक लोकांनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या. सही करायला तिकीट असण्याची गरज नव्हती. मैदानाचा वाद आता मैदानाबाहेरचे लोक भांडत होते. प्रत्यक्षात कान्ये दिव्यांच्या छताखाली बहुतेक वेळ एकटाच उभा राहिला, एक विनोदी नट मध्येच मंचावर घुसला, आणि कार्यक्रमाबद्दल मते दुभंगली. काही भाग मलाही विस्कळीत वाटतो. पण फसण्याचा हक्क रॉक बँडना इतकी वर्षे मिळाला, तो रॅपरलाही मिळायला हवा.

2019 च्या शुक्रवारी लंडनचा रॅपर स्टॉर्मझी आला, बँक्सी या भित्तिचित्रकाराने रंगवलेले युनियन जॅकचे चाकूरोधक जाकीट घालून. एकट्याने पिरॅमिडवर शेवटचा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश कलाकार. त्याच्या वीस वर्षे आधी, 1999 च्या रविवारी, स्कंक अनान्सी या रॉक बँडची कृष्णवर्णीय गायिका स्किन हिने तोच मंच गाजवला होता. ही आठवण तिला स्वतःला करून द्यावी लागली. रॅपर येतो तेव्हा परंपरा मोडल्याची ओरड होते, आणि गिटार बँडची कृष्णवर्णीय गायिका मात्र परंपरेतून पुसली जाते. मला यातली ही बाजू सर्वांत बोचते.

या सर्व वर्षांत एक वेळ वादातून सुटली आहे, ती म्हणजे रविवारची दुपार. 1994 ला जॉनी कॅश, पुढे टोनी बेनेट, शर्ली बॅसी, नील डायमंड, लायनेल रिची, कायली मिनोग. आजी, नातू, मेटलवाला, रेव्हवाला सगळे तिथे एकत्र येतात, कारण ही गाणी प्रत्येकाने कधीतरी घरातल्या रेडिओवर ऐकलेली असतात.

अलीकडे वादाचे रूपच पालटते आहे. मळ्यावर आता शंभराहून अधिक मंच आहेत. 2024 च्या रविवारी रात्री अमेरिकेची गायिका सिझा पिरॅमिडवर शेवटची गायली, तेव्हा मैदानात ठळक मोकळ्या जागा दिसत होत्या. त्याच दिवशी अव्रिल लव्हीन या गायिकेसाठी अदर स्टेज या दुसऱ्या मोठ्या मंचासमोर उभे राहायला जागा नव्हती, आणि त्या आधी शुगाबेब्ज या गायिकांच्या गटाच्या वेळी वेस्ट होल्ट्सचे मैदान भरल्यामुळे बंद करावे लागले होते. कोणी सह्या गोळा केल्या नाहीत. ज्यांना जे हवे होते तिकडे ते चालत गेले. आयोजकांपुढचा प्रश्न आता गर्दीचा आहे: कोणता कलाकार किती मोठ्या मंचावर ठेवायचा, आणि एकाच वेळी कोणाला कोणासमोर. 2025 साली त्यांनी काही हजार तिकिटे मुद्दाम कमी विकली. 2026 हे जमिनीला विश्रांतीचे वर्ष आहे. गाई तेवढ्या कुरणात असतील.