हित्तीतलं 'संस्कृत': उसना शब्द वेगळा, सगोत्र शब्द वेगळा

मितानी या प्राचीन राज्याने हित्तींशी केलेल्या तहात मित्र, वरुण, इंद्र, नासत्य ही वैदिक देवांची नावं आहेत, हे बहुतेकांना ठाऊक असतं. इ.स.पू. 14व्या शतकातला तो तह तुर्कस्तानात बोगाझकॉयला, म्हणजे हित्तींच्या हट्टुशा या राजधानीत सापडला. (हित्ती हे तिथले प्राचीन लोक, त्यांची भाषाही हित्तीच.) इथवर ठीक. पण त्यापाठोपाठ 'म्हणजे हित्ती संस्कृतातून निघाली' हे ठोकून दिलं जातं, आणि ते साफ चूक आहे.

उसना शब्द ओळखणं सोपं. मितानीचा अश्वशिक्षक किक्कुली याच्या हित्ती भाषेतल्या मातीच्या पाट्यांत ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न असे शब्द येतात: घोड्याच्या एक, तीन, पाच, सात फेऱ्या. हे तबेल्यापुरतेच. हित्तीचा स्वतःचा 'सात' सिप्तमिय या पेयाच्या नावात दिसतो.

खरी गफलत होते ती सगोत्र शब्दांत, म्हणजे एकाच मूळ भाषेतून दोन्हीकडे आलेल्या शब्दांत. हित्ती 'हस्ताइ' म्हणजे हाड, आपलं अस्थि. 'एसहर' म्हणजे रक्त, षष्ठीत 'एसहनस'. संस्कृतात असृक्, अस्नस्. र जाऊन न येण्याची ही खोडसुद्धा दोन्हीकडे तीच. तरीही कुणी कुणाकडून काही घेतलेलं नाही, दोघींचा वारसा एकाच आदिभाषेचा. पुरावा हित्तीच्या 'ह'मध्ये आहे (उच्चार बहुधा घशातून, 'ख'च्या जवळचा). संस्कृतात तो लोपला. हस्ताइ हे अस्थिवरून आलं असतं, तर हा ह आणला कुठून? भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरने 1879 मध्ये निव्वळ तर्काने आदिभाषेत काही हरवलेले ध्वनी मांडले होते. हित्तीचा ह नेमका त्या जागी येतो, हे 1927 मध्ये भाषाशास्त्रज्ञ कुरिलोविचने दाखवलं. 'गेनु' (गुडघा) आणि जानु यांचंही तसंच. उसना असता तर ग, ए नव्हे, ज आणि आ दिसले असते.

आता अनोळखी शब्दाचा अर्थ लावताना काय करावं? साम्यावरून अर्थ काढू नये, कधीच. 'अन्नस' वाचून अन्न आठवतं, नाहीतर अण्णा. अर्थ आहे आई! तो कळतो कसा? एकाच मजकुराच्या दोन प्रती शेजारी ठेवायच्या. एका लेखनिकाने शब्द अक्षरशः लिहिलेला असतो, दुसऱ्याने त्या जागी सुमेरी चित्रशब्द (सुमेरी भाषेतून घेतलेलं, अख्खा शब्द दाखवणारं चिन्ह) वापरलेला असतो, आणि सुमेरीचा अर्थ आपल्याला माहीत असतो. भाषातज्ज्ञ ह्रोझ्नीने 1915 मध्ये हित्तीची उकल जाहीर केली, तीही अशाच आधारावर: ओळीत भाकरीचा सुमेरी चित्रशब्द होता, म्हणून शेजारचं 'एत्सात्तेनि' हे खाण्याचं क्रियापद असणार. मग 'वातर' म्हणजे पाणी, 'एकुत्तेनि' म्हणजे प्याल. संस्कृतातल्या 'अद्' (खाणे) या धातूची साक्ष त्यानंतरची.

क्रम हाच ठेवावा. आधी दुसरी प्रत, मग तो शब्द इतरत्र कुठल्या वस्तूंबरोबर येतो ते, मग विभक्ती आणि प्रत्यय, शेवटी व्युत्पत्ती. तीच ध्वनिसंगती आणखी चार-पाच शब्दांत दिसेपर्यंत संस्कृत शब्द वहीच्या समासातच (कडेच्या कोऱ्या जागेत) लिहून ठेवावा, तोही पेन्सिलीने.