फिडलर, आयझाया : कर्कपेशींच्या प्रसाराचे संशोधन

फिडलर, आयझाया : (१९३६–२०२०). कर्करोगाच्या पेशी मूळ गाठीपासून सुटून शरीरात दूरवर कशा पोहोचतात आणि तेथे नवी गाठ कशी तयार करतात, या मेटास्टॅसिस नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रक्रियेचा पायाभूत अभ्यास करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ. त्यांचा जन्म जेरूसलेम येथे झाला. ओक्लाहोमा राज्य विद्यापीठातून १९६३ मध्ये पशुवैद्यकाची पदवी घेतल्यावर ते विकृतिशास्त्राकडे (रोगामुळे ऊतींत होणाऱ्या बदलांच्या अभ्यासाकडे) वळले आणि १९७० मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच.डी. त्यांनी मिळवली. पुढे फ्रेडरिक (मेरिलंड) येथील कर्करोग संशोधन केंद्रात आणि १९८३ पासून ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात त्यांनी काम केले. कर्करोगाने होणारे बहुतेक मृत्यू मूळ गाठीपेक्षा फुप्फुस, यकृत, हाडे किंवा मेंदू यांत वाढलेल्या दुय्यम गाठींमुळे होतात. त्यामुळे हा विषय कर्करोगशास्त्राच्या केंद्रस्थानी असायला हवा होता. तरीही फिडलर यांनी सुरुवात केली तेव्हा त्याकडे वळलेले संशोधक थोडेच होते.

या विषयावरचा जुना वाद एकोणिसाव्या शतकापासूनचा आहे. इंग्रज शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. दुय्यम गाठी यकृतात वारंवार आढळतात, प्लीहेत मात्र क्वचितच, हे पाहून त्यांनी कर्कपेशींना बीजाची आणि अवयवाला जमिनीची उपमा दिली : बीज अनुकूल जमिनीतच रुजते. अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ जेम्स यूइंग यांनी १९२८ मध्ये याच्या उलट मत मांडले : रक्तप्रवाह जिकडे नेईल तिकडे पेशी अडकतात आणि तेथेच वाढतात. हे मत कित्येक दशके प्रमाण मानले गेले, कारण ते तपासून पाहण्याची नेमकी रीत कोणाच्या हाती नव्हती.

ती रीत फिडलर यांनी १९७० च्या प्रयोगात घडवली. बी-१६ या उंदरातील मेलॅनोमाच्या (त्वचेतील रंगद्रव्य-पेशींच्या कर्करोगाच्या) पेशींना त्यांनी किरणोत्सारी आयोडीनची खूण केली, त्या उंदरांच्या शिरेत टोचल्या आणि कोणत्या अवयवात किती पेशी उरतात ते ठरावीक वेळाने मोजले. चोवीस तासांनी एक दशांश टक्क्याहून जास्त पेशी जिवंत नव्हत्या आणि गाठ निर्माण करू शकलेल्या पेशी एका टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी होत्या. रक्तात कर्कपेशी असणे आणि रोग पसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या मोजणीतून स्पष्ट झाले.

जगलेल्या त्या मोजक्या पेशी निव्वळ योगायोगाने वाचल्या, की त्या मुळातच वेगळ्या होत्या? फिडलर यांच्या पुढील कामाचा कणा हाच प्रश्न आहे. त्यांनी फुप्फुसातील गाठींमधून पेशी काढून वाढवल्या, त्या पुन्हा दुसऱ्या उंदरांना टोचल्या आणि हा क्रम दहा वेळा केला. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून मिळालेली दहाव्या फेरीची वंशावळ मूळ पेशींपेक्षा फुप्फुसात कितीतरी अधिक गाठी निर्माण करत असे. पण एवढ्याने शंका फिटत नव्हती, कारण हा गुण वारंवार टोचण्याच्या प्रक्रियेतच पेशींनी कमावला असण्याची शक्यता होती. म्हणून त्यांनी व त्यांच्या पत्नी, प्रतिरक्षाशास्त्रज्ञ मार्गारेट क्रिपके यांनी, लूरिया व डेलब्रुक या जीवशास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये जीवाणूंसाठी वापरलेली युक्ती घेतली. मूळ पेशीसमूहातून एकेक पेशी वेगळी करून तिची स्वतंत्र संतती वाढवली आणि प्रत्येक संतती वेगवेगळ्या उंदरांना टोचली. काही संततींनी फुप्फुसात अगदी थोड्या, तर काहींनी अतिशय जास्त गाठी केल्या. म्हणजे पसरण्याची क्षमता असलेल्या पेशी मूळ गाठीत आधीपासूनच होत्या. १९७७ मधील हा निबंध मला त्यांच्या सर्व कामात सर्वांत मोलाचा वाटतो, कारण एकाच गाठीतील पेशी परस्परांहून भिन्न असतात ही आजच्या उपचारांना सतत अडवणारी अडचण त्यातून प्रयोगाने सिद्ध झाली. मूळ गाठीच्या जनुकांवरूनच प्रसाराचे भाकीत करता येते असे संशोधन २००२ च्या सुमारास पुढे आले, तेव्हा संपूर्ण गाठीची सरासरी पाहून त्यातील विरळ पेशींबद्दल काही सांगता येत नाही, असा आक्षेप या दोघांनी घेतला होता.

पॅजेट यांच्या जमिनीची परीक्षा १९८० मध्ये इयन हार्ट यांच्यासोबत झाली. उंदरांच्या स्नायूत फुप्फुस, अंडाशय आणि मूत्रपिंड यांच्या ऊतींचे तुकडे रोपून मग मेलॅनोमाच्या पेशी शिरेत सोडण्यात आल्या. फुप्फुस व मूत्रपिंड यांच्या तुकड्यांत पेशी सारख्याच प्रमाणात अडकल्या. गाठी मात्र फुप्फुस आणि अंडाशय यांच्या तुकड्यांत वाढल्या, मूत्रपिंडाच्या तुकड्यात नाहीत. यूइंग यांच्या रक्तप्रवाहाच्या मतावर याहून थेट उत्तर कठीण होते. पुढे ह्यूस्टनमध्ये मेंदूतील ॲस्ट्रोसाइट या पेशी कर्कपेशींना चिकटून त्यांचे औषधांपासून रक्षण करतात, हेही त्यांच्या गटाने दाखवले.

शिरेत टोचण्याच्या पद्धतीला एक मर्यादा आहे : पेशीने मूळ गाठ सोडणे, आधारपटल (ऊतीखालचा पातळ पडदा) भेदणे आणि रक्तवाहिनीत शिरणे हे सुरुवातीचे टप्पे त्यात वगळले जातात. फिडलर यांनी यासाठी मानवी कर्कपेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांच्या त्याच अवयवात रोपण्याचा आग्रह धरला. मोठ्या आतड्याच्या पेशी आतड्याच्या भिंतीत व मूत्रपिंडाच्या पेशी मूत्रपिंडात रोपल्यावर त्या पसरत. त्याच पेशी कातडीखाली टोचल्या तर क्वचितच पसरत. नव्या औषधांची परीक्षा कातडीखालच्या गाठींवर केल्यास निष्कर्ष फसवे ठरतात, हे त्यांनी वारंवार बजावले.

उपचारांच्या बाजूने त्यांनी मॅक्रोफेज या, परके कण व जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशींवर भर दिला. जीवाणूंच्या भित्तिकेतील म्युरॅमिल पेप्टाइड लायपोसोममध्ये (मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत) भरून दिले की फुप्फुसातील मॅक्रोफेज उत्तेजित होतात आणि कर्कपेशी मारू लागतात, असे त्यांना आढळले. मूळ गाठ काढल्यानंतर उरलेल्या सूक्ष्म प्रसारावर हा मार्ग उपयोगी पडतो, मोठ्या गाठींवर नाही. याच तत्त्वावरील मिफाम्युरटाइड या औषधाला युरोपीय संघाने २००९ मध्ये ऑस्टिओसार्कोमा या हाडांच्या कर्करोगासाठी परवानगी दिली. २ ते ३० वर्षे वयाच्या रुग्णांना ते शस्त्रक्रियेनंतर, केमोथेरपीच्या जोडीने देतात. अमेरिकेत मात्र त्याला मान्यता मिळाली नाही.